अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर: स्वस्त कशामुळे झालं, अडतं कुठे

कोण कधी मोकळं आहे हे कॉम्प्युटरला नव्वदच्या दशकातही कळायचं, पण एका ऑफिसपुरतंच. लोटस नोट्स किंवा मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज ही ऑफिसातली ईमेल-कॅलेंडरची सॉफ्टवेअर असलेल्या कंपनीत सहकाऱ्याच्या मोकळ्या वेळा दिसायच्या. बाहेरच्याला फोनच करावा लागे. नोव्हेंबर 1998 मध्ये लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन यांनी आयकॅलेंडरचा, म्हणजे कॅलेंडरमधली नोंद एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याच्या ठरावीक पद्धतीचा, मसुदा लिहिला. कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, पण मसुदा सामाईक. मीटिंगच्या ईमेलला जोडून येणारी आयसीएस फाइल त्यातूनच आली.

13 एप्रिल 2006 ला गूगल कॅलेंडर सुरू झालं, फुकट. बाहेरच्या प्रोग्रामला त्यात डोकावता येऊ लागलं, म्हणजे स्वतःचं कॅलेंडर बांधायचा खर्चच वाचला. याच पायावर 2013 मध्ये अटलांटात टोपे अवोटोना यांनी कॅलेंडली ही लिंकवरून भेटीची वेळ निवडू देणारी कंपनी उभी केली. लागोसमध्ये जन्मलेला हा सेल्समन भेटी ठरवण्याच्या ईमेलांना कंटाळला होता. साठवलेले पैसे घालून त्याने युक्रेनमधल्या रेल्सवेअर या सॉफ्टवेअर कंपनीकडून काम करून घेतलं. जानेवारी 2021 मध्ये कंपनीचं मूल्यांकन 3 अब्ज डॉलरवर गेलं.

छोट्या व्यावसायिकांची अडचण सुरू होते ती पैशांच्या आकारणीत. या धंद्यात दर माणशी, दरमहा लावायची पद्धत रुळली. एकट्याला फुकट किंवा परवडणारं, पण पाचवा माणूस घेतला की बिल पाचपट. त्या रागातूनच कोड खुला ठेवणारे पर्याय आले. 2021 मधलं कॅल्डॉटकॉम त्यातलं ठळक.

आणि स्वतः बांधायचं म्हटलं तर? मोकळ्या वेळा दाखवणं सोपं आहे. खरी मेख एकाच वेळेला दोन नोंदी होण्यात. साडेअकराची वेळ दोघांना एकदम मोकळी दिसते, दोघंही बटण दाबतात. प्रोग्राम आधी तपासतो, मग लिहितो, आणि त्या फटीत दोघांची नोंद होते. पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसच्या 2012 मधल्या 9.2 आवृत्तीत वेळेची सुरुवात आणि शेवट मिळून एकच मूल्य म्हणून ठेवता येऊ लागलं. त्यावर तसा नियम घातला की एकाच माणसाच्या दोन वेळा एकमेकींवर चढल्या तर दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. फुकट मिळणाऱ्या या सोयीपायी कितीतरी भांडणं वाचली असतील!

आपल्याकडे आणखी एक पेच. बहुतेक दवाखान्यांत घड्याळाची वेळ मिळत नाही, नंबर मिळतो. सकाळी फोन करून नंबर लावायचा, मग कंपाउंडरला विचारायचं, ‘कितवा चालू आहे?’ अर्ध्या तासाचे साचेबद्ध तुकडे पाडणारं सॉफ्टवेअर इथे आणलं की रिसेप्शनिस्ट शेजारी वही ठेवतेच. मला वाटतं, इथे टूल करणाऱ्याने आधी चालू नंबर दाखवावा, कॅलेंडर नंतर.

मग उरतो आठवणीचा संदेश. एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा, दोन्ही डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदवावे लागतात. 8 मार्च 2021 ला तपासणी कडक झाली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली. सर्व्हर आज स्वस्त मिळतो. संदेशामागे मात्र पैसे पडतात, आणि साचा नामंजूर झाला तर मजकूर बदलून पुन्हा रांगेत.