पाय गेले, कामं उरली

रेझिस्टरचे पाय भोकांतून ओवायचे, मागून सोल्डर लावायचं आणि उरलेली तार कापून टाकायची. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद बहुतेकांचा असाच सुरू होतो. पुढे तोच बोर्ड एसएमडी प्रकारात, म्हणजे भोकांशिवाय थेट तांब्यावर बसणाऱ्या भागांत आणायचं ठरतं. सर्किट तेच आहे, तेव्हा संगणकावर फूटप्रिंट (प्रत्येक भागासाठी बोर्डवर आखलेली तांब्याची जागा) बदलले की झालं, असं वाटतं. पण ते पाय भाग धरून ठेवण्याखेरीज इतरही कामं करत होते. ती आता दुसऱ्या कुणावर तरी सोपवावी लागतात.

दोन बाजूंच्या बोर्डवर पाय जिथून आरपार जातो, तिथे वरचं आणि खालचं तांबं आपोआप जोडलेलं असतं. एसएमडीचा पॅड, म्हणजे भाग सोल्डर करायचा तांब्याचा तुकडा, एकाच बाजूला असतो. म्हणून पलीकडच्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी वेगळा व्हाया, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारं तांब्याचं भोक, द्यावा लागतो. एकाच बाजूचा बोर्ड घरी करणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावं. जुनी आयसी वर बसायची, ट्रॅक (तांब्याच्या वाटा) खाली असायचे. नवी आयसी ट्रॅकच्याच बाजूला बसते. त्यामुळे तांब्याकडून पाहताना पिनांचा क्रम उलटतो. ट्रॅकचं जुनंच चित्र लहान करून छापलं, तर आठ पिनांच्या आयसीत १ नंबरची पिन ८ च्या जागी जाते.

क्रमाचा घोळ ट्रान्झिस्टरमध्येही होतो. बीसी५४७ च्या जागी बीसी८४७ चालतो, पण पायांची मांडणी वेगळी. अ‍ॅटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर लांबट रूपात २८ पिनांचा, टीक्यूएफपी नावाच्या चौकोनी एसएमडी रूपात ३२ पिनांचा. त्यात अ‍ॅनालॉग इनपुटही दोन जास्त मिळतात. डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचं माहितीपत्रक, पुन्हा वाचण्याला पर्याय नाही.

सर्वांत कमी लक्ष जातं ते उष्णतेकडे. ७८०५ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना ३०० मिलिअँपिअर देत असेल, तर ७ × ०.३ म्हणजे २.१ वॅट उष्णता तयार होते. पूर्वी हीटसिंक स्क्रूने लावला की भागायचं. सपाट रूपात ती उष्णता बोर्डच्या तांब्यातूनच बाहेर पडते, म्हणून भागाखाली रुंद तांबं आणि व्हायांची जाळी हवी. रेझिस्टरचंही तसंच: नेहमीचा पाव वॅटचा काढून जेमतेम २ मिलिमीटर लांबीचा ०८०५ आकाराचा एसएमडी रेझिस्टर बसवला, तर त्याची मर्यादा साधारण १/८ वॅट असते.

पाय गेल्याचा फायदाही मोठा आहे. तारेच्या दर मिलिमीटरमागे सुमारे १ नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या झटपट बदलाला होणारा विरोध, येतो. आयसीजवळचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वीजपुरवठ्यातला गोंगाट शोषायला बसवलेला असतो आणि लांब पाय त्याच्याच कामात अडथळा आणतात. एसएमडीत तो आयसीच्या पिनेला खेटून बसतो. मात्र छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर व्होल्टेज वाढलं की क्षमता घटते. १० मायक्रोफॅरडचा एक्स५आर या सिरॅमिक प्रकारातला कपॅसिटर पूर्ण व्होल्टेजला निम्म्याहूनही कमी उरू शकतो. एक आकार मोठा किंवा जास्त व्होल्टेजचा घेणं शहाणपणाचं.

एक काम मात्र पूर्णपणे सोपवता येत नाही, ते ताण सोसण्याचं. वायर खेचली, प्लग रोज काढला-घातला, की ओढ थेट पॅडवर येते आणि तांबं बोर्डपासून सुटतं. म्हणून स्क्रू टर्मिनल, रिले, ट्रान्सफॉर्मर बहुधा भोकांतच ठेवतात. कितीतरी यूएसबी-सी सॉकेटमध्येही विजेच्या आणि डेटाच्या पिना पृष्ठभागावर असतात, तर धातूच्या कवचाचे पाय आरपार जाऊन पलीकडे सोल्डर केलेले असतात.