सर्जन-संशोधक : कर्करोग शस्त्रक्रिया आणि मायक्रोआरएनए

कर्करोगाची गाठ काढणारा आणि त्याच गाठीवर प्रयोगशाळेत काम करणारा डॉक्टर. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमएस या शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर पदवीची तीन, त्यापुढच्या एमसीएच या विशेष पदवीची आणखी तीन. संशोधनाला हात लागतो तो त्यानंतर, म्हणून या वाटेला जाणारे थोडेच. नवी मुंबईत अशा कामाचे ठिकाण म्हणजे खारघरचे ॲक्ट्रेक. हे टाटा स्मारक केंद्राचे संशोधन-उपचार संकुल असून परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये इथल्या सुमारे ६० एकरांच्या आवारात आली.

मायक्रोआरएनए हा आरएनएचा सुमारे २२ न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे २२ रासायनिक अक्षरांचा, तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही. तो जनुकाचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिन बनणे रोखतो. १९९३ मध्ये तो प्रथम सूत्रकृमी या बारीक जंतात सापडला आणि त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. कर्करोगाशी त्याचा संबंध २००२ मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात दिसला.

सर्जनला या विषयात ओढतो तो शस्त्रक्रियेतलाच प्रश्न. तंबाखू, गुटखा, सुपारीमुळे आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार. गाठ लहान असताना मानेतल्या लसिका ग्रंथी तेव्हाच काढाव्यात, की वाढल्या तर मग? टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. त्यामुळे मान सरसकट उघडली जाते आणि अनेकांच्या ग्रंथी तपासणीत निर्दोष निघतात. खांद्याचे दुखणे मात्र मागे राहते. बायोप्सीच्या तुकड्यातील मायक्रोआरएनएवरून धोक्याचे रुग्ण आधीच ओळखता आले तर बाकीच्यांची मान वाचेल. तशी चाचणी अजून रोजच्या वापरात नाही.

मायक्रोआरएनए मोजण्याचा निकाल बिघडतो तो बहुधा यंत्रावर नव्हे, ऑपरेशन थिएटरमध्ये. गाठ टेबलावर येण्याआधीच, रक्तवाहिनी बांधली की पेशींचा प्राणवायू तुटतो आणि काही मायक्रोआरएनएंचे प्रमाण बदलू लागते. म्हणून वाहिनी बांधल्याची, गाठ बाहेर आल्याची आणि तुकडा गोठवल्याची, अशा तिन्ही वेळा लिहायच्या. तुकडा पॅथॉलॉजिस्टने काढून द्यायचा. संशोधकाने परस्पर कापला तर गाठीपासून कापाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजता येत नाही आणि पुढच्या रेडिएशनचा निर्णय चुकतो. कॉटरीने (रक्त थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाने) करपलेला आणि गाठीच्या मधला मृत, सडका भाग टाळायचा. आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात ठेवायचा तर तुकड्याची जाडी ५ मिलिमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर द्रावण आतपर्यंत पोचत नाही. त्यात रात्रभर ४ अंशांवर, मग उणे ८० वर. ठाण्याच्या रुग्णालयातून खारघरला गोठवलेला नमुना न्यायचा तर शिळफाट्याची कोंडी धरूनच कोरडा बर्फ भरावा.

तुकड्यात कोणत्या पेशी किती आहेत हे कळण्यासाठी त्याच्या एका कापाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी. मिर-१४३ आणि मिर-१४५ हे मायक्रोआरएनए कर्करोगात घटतात असे वर्षानुवर्षे छापले गेले. पण ते मुख्यतः स्नायू आणि आधारऊतीतल्या पेशींत असतात. गाठीत कर्कपेशी जास्त, स्नायू कमी, म्हणून आकडा आपोआप उतरतो. मिर-२१ उलट दाहानेही वाढतो. तुलनेसाठी शेजारचे ‘निरोगी’ तोंडाचे अस्तर घेतले तर तंबाखूने तेही बदललेले असते.

मायक्रोआरएनए रक्तातही मोजतात. त्यासाठी रक्ताचा नमुना ईडीटीए या गोठणरोधकाच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यावा. हेपॅरिन हे दुसरे गोठणरोधक पीसीआर, म्हणजे आवर्तनांत प्रती वाढवून मोजण्याची पद्धत, अडवते. दोन तासांत प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळा करून तो यंत्रात पुन्हा एकदा फिरवायचा. बारीक सुईने जोरात ओढल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतला मिर-४५१ए प्लाझ्मात उतरतो. त्याचे मिर-२३ए शी असलेले अंतर पीसीआरच्या सात चक्रांपलीकडे गेले तर नमुना संशयित धरतात. गुलाबी झाक डोळ्यांना दिसेपर्यंत थांबू नये, तोवर बरेच नुकसान झालेले असते.

उपचाराची बाजू अजून कच्ची आहे. एक मायक्रोआरएनए अनेक जनुकांना एकाच वेळी आवरतो. आकर्षण तेच आणि अडचणही तीच. मिर-३४ ची नक्कल करणाऱ्या औषधाची पहिली मानवी चाचणी प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली.