स्वीडिश की डीप टिश्यू? फरक नुसत्या जोराचा नाही

मसाज सेंटरच्या दरपत्रकात स्वीडिशखाली डीप टिश्यू असतं, बहुधा जरा महाग. त्यामुळे वाटतं, वरचंच मालिश जोर लावून केलं की खालचं झालं. तसं नाही.

स्वीडिशमध्ये तेल भरपूर. हात लांबवर फिरतो, सगळं अंग चोळलं, मळलं, थोपटलं जातं. अंग सैल पडावं, एवढाच हेतू. (नाव स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग या व्यायामशिक्षकामुळे पडलं, चोळणं-मळणं-थोपटणं या प्रकारांची नीट मांडणी करण्याचं श्रेय मात्र बहुतेक जण योहान मेझ्गर या डच डॉक्टरला देतात.)

डीप टिश्यूला तेल बेताचं लागतं, नाहीतर हात निसटतो. थेरपिस्ट मूठ किंवा कोपर टेकवून आखडलेल्या जागी सावकाश सरकतो. घाईघाईनं रगडणारा असेल तर ते डीप टिश्यू नव्हेच. तासाभरात सगळं अंग होत नाही, त्यामुळे पाठ-खांदे की मांड्या-पोटऱ्या, ते आधीच ठरवा.

‘दुखलं तरच गुण येतो’ हा समज सगळ्यात त्रासदायक. श्वास रोखला जातोय, मुठी आवळल्या जातायत, म्हणजे स्नायू उलट आखडतोय. ‘जरा हळू’ म्हणायला कसला संकोच? नंतर एक-दोन दिवस व्यायामानंतर दुखतं तसं अंग दुखेल, ते ठीक. पण मसाज चालू असताना मुंग्या आल्या किंवा विजेचा झटका बसल्यासारखी कळ गेली, तर नस दाबली जात असेल, तिथंच थांबवा. विषारी द्रव्यं बाहेर पडतात वगैरे जाहिरातीपुरतं. व्यायामात स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक अ‍ॅसिड मालिशनं निघतं असंही सांगतात, पण ते व्यायामानंतर साधारण तासाभरात आपोआप कमी होतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कोपराच्या दाबानं काळेनिळे डाग पडतात, कधी आत रक्तस्रावही होतो. हाडं ठिसूळ असणं, नुकतीच शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांतही आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर कुठलंच मालिश नको, घरचंही नाही. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी थेट डॉक्टर गाठा.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावणाऱ्यांनी आदल्या दिवशी डीप टिश्यू करू नये, पाय जड होतात. हलकं स्वीडिश चालेल. शर्यतीनंतरही दुखरे पाय लगेच कोपराखाली देऊ नयेत, दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत.