स्लॅश कथा

चित्रपट, मालिका किंवा कादंबरीतल्या पात्रांवर चाहते स्वतः ज्या कथा रचतात त्यांना फॅन फिक्शन म्हणतात. मूळ कृतीत मित्र, सहकारी किंवा वैरी असलेल्या एकाच लिंगाच्या दोन पात्रांमध्ये प्रेम वा शरीरसंबंध कल्पून लिहिलेल्या फॅन फिक्शनला स्लॅश कथा म्हणतात. ‘कर्क/स्पॉक’ अशा जोडनावातल्या तिरक्या रेघेवरून हे नाव पडले. अमेरिकेतल्या ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चाहत्यांमध्ये हा प्रकार घडला, आणि तो लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांत पहिल्यापासून स्त्रियांचा भरणा मोठा होता. निव्वळ कामुक लेखन म्हणून त्याची वासलात लावणे चूक आहे. चांगल्या स्लॅश कथेत शय्यादृश्य हे स्वभावचित्रणच असते. अमुक माणूस असा असा आहे, तर तो जवळ कसा येईल, कशाला बिचकेल, कुठे थांबेल, या प्रश्नांवर कथा चालते आणि याच प्रश्नांवर चाहते तिची पारख करतात.

‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. एंटरप्राइझ या अंतराळयानाचा कप्तान जेम्स कर्क धाडसी, मोकळा, भागागणिक कुणा ना कुणा स्त्रीकडे ओढला जाणारा, पण शेवटी आपल्या यानालाच बांधलेला. त्याचा सहअधिकारी स्पॉक हा व्हल्कन नावाच्या परग्रहावरचा पिता आणि पृथ्वीवरची माता यांचा मुलगा. व्हल्कन माणसे भावनेवर तर्काचा पहारा ठेवतात. आत काही नसते तर पहाऱ्याची गरजच पडली नसती. ‘द नेकेड टाइम’ या सुरुवातीच्या भागात एका संसर्गाने सगळ्यांचे भान सुटते, तेव्हा स्पॉक रडतो. आईवर प्रेम आहे हे तिला कधी सांगता आले नाही, असे तो म्हणतो. त्याच दृश्यात तो कर्कला सांगतो की तुझ्याविषयी मैत्री वाटते तेव्हा मला लाज वाटते. स्लॅश लेखिकांनी स्पॉकला बाहेरून काही चिकटवले नाही. ही लाज मालिकेनेच दाखवली होती; ती कुठून येते आणि कधी सुटेल, एवढेच त्यांनी शोधले.

१५ सप्टेंबर १९६७ रोजी दाखवलेला ‘अमोक टाइम’ हा भाग या साहित्याचा पाया मानावा लागेल. त्याचे लेखन विज्ञानकथाकार थिओडोर स्टर्जन यांचे. व्हल्कन पुरुषाला ठरावीक काळाने ‘पॉन फार’ नावाचा कामज्वर चढतो. चाहते त्याचे चक्र सात वर्षांचे धरतात. त्या काळात समागम झाला नाही तर मृत्यू ओढवतो. स्पॉकचे हात थरथरू लागतात, तो परिचारिकेने आणलेले सूप भिंतीवर भिरकावतो, आणि कर्कने खोदून विचारल्यावर अतिशय संकोचाने कारण सांगतो. कर्क वरिष्ठांचा हुकूम मोडून यान व्हल्कनकडे वळवतो. तिथे स्पॉकची वाग्दत्त वधू टी’प्रिंग लग्न नाकारते आणि स्पॉकशी लढायला खुद्द कर्कला निवडते. झुंजीत कर्क मरतो असे दिसते; प्रत्यक्षात यानावरच्या डॉक्टर मॅकॉयने त्याला निश्चेष्ट करणारे औषध टोचलेले असते. मित्राला आपणच मारले या धक्क्याने स्पॉकचा ज्वर उतरतो. यानावर परतल्यावर कर्क जिवंत समोर उभा दिसतो तेव्हा स्पॉक त्याचे दंड धरून आनंदाने ‘जिम!’ असे ओरडतो, हसतो, आणि लगेच चेहरा पूर्ववत करतो.

एवढ्या एका भागात चाहत्यांच्या हाती काय काय आले ते पाहावे. शरीराची निकड संयमी माणसाचाही ताबा घेऊ शकते, हे मालिकेनेच मान्य केले. नोकरी पणाला लावून कर्क मित्राचा जीव वाचवतो, हेही दाखवले. शिवाय ज्वर उतरला तो लग्नाने नव्हे, कर्कला गमावल्याच्या दुःखाने. मग कित्येक कथांनी साधा प्रश्न घेतला: पुढच्या वेळी ज्वर चढला, व्हल्कन ग्रह दूर असला आणि जवळ फक्त कर्क असला तर?

१९६७ मध्येच ‘स्पॉकॅनेलिया’ हे या मालिकेचे पहिले फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनी स्वखर्चाने काढलेले नियतकालिक, निघाले. कर्क-स्पॉक प्रेमाच्या कथा आरंभी हस्तलिखितांतून ओळखीच्याच माणसांत फिरत. छापील कथांत पहिली मानली जाते ती ऑस्ट्रेलियाच्या डायन मर्चंट यांची, १९७४ साली ‘ग्रुप’ या प्रौढांसाठीच्या फॅनझीनमध्ये आलेली. फार छोटी कथा आहे आणि तिच्यात दोघांची नावे कुठेच नाहीत. तरीही चाहत्यांनी ओळखायचे ते ओळखले. नावाशिवाय पात्र ओळखू यावे, यापेक्षा स्वभावचित्रणाचा भक्कम पुरावा कोणता असेल? १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात केवळ या जोडीला वाहिलेली फॅनझीन्स निघू लागली.

त्यांच्यावरून चाहत्यांतच कडाक्याचे वाद झाले. काहींचा आक्षेप नीतीचा होता, काहींना मालिकेची आणि नटांची बदनामी होईल अशी भीती वाटे. सर्वांत टिकाऊ आक्षेप मात्र ‘कर्क असे करणारच नाही’ हा ठरला. लेखिकांनी उत्तर दिले तेही त्याच भाषेत: भाग, संवाद, कटाक्ष यांचे दाखले देऊन. मूळ कृतीत जे घडले ते ‘कॅनन’, चाहत्यांनी आपसांत रूढ केलेले ते ‘फॅनॉन’, आणि पात्राच्या स्वभावाशी विसंगत लेखन म्हणजे ‘आउट ऑफ कॅरेक्टर’, ही परिभाषा अशाच वादांत कामी येते. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी १९७९च्या चित्रपटाच्या कादंबरीरूपात एका तळटीपेत हा विषय हाताळला. स्पॉक कर्कला ज्या व्हल्कन शब्दाने संबोधतो त्याचा अर्थ मित्र, भाऊ आणि प्रियकरही होतो, असे तिथे सांगितले आहे. पाठोपाठ कर्क स्वतःच्या तोंडाने सांगतो की आपल्याला खरे सुख स्त्रियांकडूनच मिळाले. दोन्ही पक्षांनी हीच तळटीप आपापल्या बाजूने वापरली.

व्हल्कनांना स्पर्शातून दुसऱ्याच्या मनात उतरता येते. या मनोमीलनाचा उपयोग स्लॅश कथांनी इतक्या ताकदीने केला की मूळ मालिकेतला त्याचा वापर त्यापुढे वरवरचा वाटतो. शरीर जवळ येते तेव्हा मनही उघडे पडणार असते, म्हणून स्पॉकची भीती केवळ लाजेची राहत नाही. वर्षानुवर्षे जपलेला आतला कोलाहल समोरच्याला दिसेल, ही ती भीती असते. कर्कच्या बाबतीत उलट. तो बोलका आहे, शरीराने सवयीचा आहे. पण कुणासमोर कप्तानपण उतरवून ठेवणे त्याला जमत नाही. पहिल्या मीलनाची गोष्ट चाहते पुन्हा पुन्हा लिहितात ती यासाठी. घटना ठाऊक असते. या दोघांत आधी कोण बोलेल आणि कशामुळे, ते दर लेखिकेचे वेगळे असते.

स्त्रियांना दोन पुरुषांचे प्रेम का लिहावेसे वाटले, याची अनेक उत्तरे दिली गेली. एक संदर्भ चाहत्यांच्याच जगातला आहे. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘मेरी स्यू’ नावाच्या साडेपंधरा वर्षांच्या सर्वगुणसंपन्न लेफ्टनंटची विडंबनकथा लिहिली, आणि यानावर नवी नायिका आणणारी प्रत्येक लेखिका टिंगलीचा विषय होऊ लागली. दोन पूर्ण रंगवलेली पात्रे आधीच हाताशी असताना तो धोका पत्करायचा कशाला? लेखिका जोआना रस यांनी १९८५ मधल्या निबंधात या कथांना स्त्रियांनी स्त्रियांसाठी प्रेमाने निर्मिलेले कामसाहित्य म्हटले आणि त्यांची बाजू घेतली. पॅट्रिशिया फ्रेझर लॅम्ब व डायना व्हीथ या अभ्यासकांनी कर्क आणि स्पॉक या दोघांतही स्त्रीत्वाचे व पुरुषत्वाचे गुण वाटलेले आहेत याकडे लक्ष वेधले. १९९२ मध्ये हेन्री जेन्किन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांचे चाहत्यांच्या जगावरचे अभ्यासग्रंथ आले. समान दर्जाच्या दोन जिवांचे प्रेम, हे स्पष्टीकरण सर्वांत पटणारे आहे, पण त्यात एक अडचण उरते: कर्क हा स्पॉकचा वरिष्ठ आहे. जी लेखिका हुद्द्याचा हा पेच टाळत नाही तिची कथा वरचढ होते.

या साहित्यातल्या उणिवा खऱ्या आहेत. जुन्या कथांत ‘आम्ही समलिंगी नाही, आमचे फक्त एकमेकांवर प्रेम आहे’ असा पवित्रा वारंवार येतो. समलिंगी वाचकांना तो खटकला तर नवल नाही; प्रेम हवे, पण ओळख नको, असा त्याचा अर्थ होतो. कामज्वराच्या कथांत संमतीचा प्रश्न उभा राहतो, आणि पुष्कळ कथा तो ओलांडून पुढे जातात. टी’प्रिंगवर तर उघड अन्याय झाला. मूळ भागात ती आपला बेत पायरीपायरीने समजावून सांगते आणि स्पॉक स्वतः तिचा तर्क निर्दोष असल्याची कबुली देतो. तिला स्टॉन हा दुसरा व्हल्कन पुरुष हवा होता. एका दंतकथेची पत्नी म्हणून जगायचे नव्हते. तिला दुष्ट कारस्थानी करून टाकणारी कथा कर्क-स्पॉकशी कितीही प्रामाणिक असली तरी स्वभावचित्रणाच्या कसोटीवर नापासच.

इंटरनेटवर आल्यावर लैंगिक मजकुराचा प्रश्न व्यासपीठांच्या मर्जीवर गेला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या फॅनफिक्शन डॉट नेटने २००२ मध्ये उघड लैंगिक वर्णनाच्या कथांवर बंदी घातली. २००७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉग-संकेतस्थळाने अनेक खाती एका फटक्यात बंद केली, त्यांत चाहत्यांचीही होती. त्याच वर्षी ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था उभी राहिली. तिचे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संग्रहालय २००९ मध्ये खुले झाले आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. वयोगट, इशारे आणि खुणेचे शब्द आधीच नोंदवण्याची पद्धत तिथे आहे, त्यामुळे कथेत काय आहे हे जाणून वाचक आत शिरतो. भारतातून लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ मात्र अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमात प्रसिद्ध करण्याला आजही लागू आहे.

२००९ च्या नव्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाने स्पॉक आणि यानावरची संदेशवहन अधिकारी उहुरा यांना जोडपे म्हणून दाखवले. कर्कचा बाप तो जन्मला त्याच वेळी मरतो आणि स्पॉकचा ग्रहच नष्ट होतो, त्यामुळे दोघांचे स्वभावही पालटले. कर्क/स्पॉक कथा थांबल्या नाहीत. काही लेखिकांनी उहुराला सरळ बाजूला सारले. काहींनी तिघांचे नाते लिहिले. काहींनी विभक्त होण्याचा निर्णय उहुराच्याच तोंडून, तिच्या कारणांसह मांडला.