सही आणि सूचना: ट्रायला गेलेल्या लाखो ईमेलचं नेमकं काय झालं?

इंटरनेट कंपनीने कुठल्याही वेबसाइटबाबत डावं-उजवं करू नये, हे नेट न्यूट्रॅलिटीचं मूळ तत्त्व. त्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "२०१५ मध्ये दहा लाख लोकांनी ट्रायला ईमेल केले आणि आपण जिंकलो." ट्राय म्हणजे भारताची दूरसंचार नियामक संस्था; तिला ईमेल गेले हे खरं. पण त्यांच्या संख्येमुळे जिंकलो, हे त्यातून निघत नाही. इथे सह्यांची मोहीम आणि नियामकाने मागवलेल्या हरकती-सूचना यांची सरमिसळ होते. दिसायला दोन्ही सारख्याच: मजकूर तयार असतो, आपण नाव घालायचं आणि पाठवून द्यायचं. मात्र सह्यांच्या मोहिमेत डोकी मोजतात आणि हरकती-सूचनांमध्ये कारणं वाचतात.

याचा सगळ्यात चांगला पुरावा फ्री बेसिक्सच्या वादात सापडतो. फेसबुकच्या या योजनेत ठरावीक साइट्स फुकट मिळणार होत्या आणि बाकी इंटरनेटला पैसे पडणार होते. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने चार प्रश्न विचारले. वेगवेगळ्या साइट्ससाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का, हा त्यातला मुख्य. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांसमोर तयार ईमेल ठेवला. सुमारे २४ लाख प्रतिसाद आले आणि त्यातले जवळपास १९ लाख फ्री बेसिक्सच्या बाजूचे होते. मतदान असतं तर निकाल तिथेच लागला असता! प्रत्यक्षात ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असे भेदभाव करणारे दर बेकायदा ठरवले. "माझा फ्री बेसिक्सला पाठिंबा आहे" हे विचारलेल्या प्रश्नांचं उत्तरच नव्हतं. सल्लामसलतीचं रूपांतर ठरवून घडवलेल्या बहुमताच्या चाचणीत होतंय, असं ट्रायने फेसबुकला पत्रातून बऱ्यापैकी कडक शब्दांत सुनावलंही होतं.

आता कुणी म्हणेल, २०१५ च्या एप्रिलमधले 'सेव्ह द इंटरनेट' या नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूच्या मोहिमेचे ईमेल तरी कुठे स्वहस्ते लिहिलेले होते? नव्हतेच. फरक इतकाच की त्या मसुद्यात ट्रायने तेव्हा विचारलेल्या २० प्रश्नांची उत्तरं होती. तरीही एकच युक्तिवाद दहा लाख वेळा पाठवला म्हणून त्याचे दहा लाख युक्तिवाद होत नाहीत. आपल्या बाजूचा असला तरी.

मग ती संख्या वाया गेली का? अजिबात नाही, तिचा जोर दुसरीकडे लागला. अ‍ॅप कंपन्यांनी ग्राहकाच्या डेटाचे पैसे भरायचे, अशी 'एअरटेल झिरो' योजना तेव्हा आली होती. फ्लिपकार्टने १४ एप्रिलला त्यातून अंग काढून घेतलं. विषय लोकसभेतही पोहोचला. कंपनी ग्राहकाला आणि पुढारी मतदाराला घाबरतो, तिथे आकडा चालतो.

अमेरिकेत याच गोंधळाने टोक गाठलं. २०१७ मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामक आयोगाकडे नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द करण्यावर सव्वादोन कोटींच्या आसपास अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या अटर्नी जनरलनी २०२१ मध्ये सांगितलं की त्यातले सुमारे १ कोटी ८० लाख खोटे होते. ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतले, तर ७७ लाख नियमांच्या बाजूने एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने केलेले. आकडाच चालतो असं वाटलं की आकडे तयार करणारे येणारच. आयोगाने डिसेंबरमध्ये नियम रद्द केले.

२०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय बराचसा कायम ठेवला, पण तीन मुद्दे फेरविचारासाठी परत पाठवले. त्यातला एक होता सार्वजनिक सुरक्षेचा, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीने लावून धरलेला. आयोगाने तो विचारातच घेतला नव्हता. सव्वादोन कोटींच्या ढिगाऱ्यातून न्यायालयापर्यंत टिकला तो असा नेमका मुद्दा.

हरकती-सूचनांची आणखी एक खूण म्हणजे त्या प्रसिद्ध होतात. २०१५ मध्ये ट्रायने लोकांच्या ईमेल पत्त्यांसकट सगळं वेबसाइटवर टाकलं आणि लोक भडकले, ते रास्तच होतं. पण मजकूर उघड करण्यामागे कारण असतं. ट्रायच्या सल्लामसलतीत सूचनांची मुदत संपली की प्रतिसूचनांची सुरू होते. त्या वेळी पहिली २४ एप्रिलला संपली आणि दुसरी ८ मेला. दूरसंचार कंपन्यांनी काय लिहिलंय ते वाचून खोडून काढायची संधी या दुसऱ्या मुदतीत मिळते, आणि तिथे तयार मसुदा फारसा कामाचा नसतो.