नियम एका दिशेचा असतो

‘ज्या गावांत शेततळी झाली, त्या गावांत उन्हाळ्यात टँकर लागत नाही. पलीकडच्या गावात यंदा टँकर आला नाही. म्हणजे तिथे शेततळी झाली असणार.’ हा युक्तिवाद सहजी खटकत नाही. मात्र यंदा पाऊस बरा झाला असेल, किंवा नळयोजना सुरू झाली असेल, तरीही टँकर आला नसता. नियम शेततळ्याकडून टँकरकडे जातो, उलट येत नाही. विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या क्लॅट परीक्षेत, जिथे १२० प्रश्नांना १२० मिनिटे मिळतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो, तिथे अशी उलटी वाट महागात पडते.

ही चूक आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, फार पूर्वी हेरली होती. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारी सोबत, खरी. परंतु तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या कोड्यात हीच गोष्ट दिसते. त्याचे मराठी रूप असे: टेबलावर अ, क, ४ आणि ७ अशी चार कार्डे आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर व दुसऱ्या बाजूला अंक आहे. ‘एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो’ हा नियम तपासायला कोणती कार्डे उलटावीत? बहुतेक लोक ‘अ’ आणि ‘४’ निवडतात. खरे उत्तर ‘अ’ आणि ‘७’ असे आहे, कारण ४ च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही, पण ७ च्या मागे स्वर निघाला तर तो मोडतो. असे उत्तर देणारे साधारणतः दहांत एखादेच असतात. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडातील विद्यार्थ्यांना तेच कोडे ‘बिअर पिणाऱ्याचे वय १९ पेक्षा जास्त हवे’ अशा नियमाच्या रूपात दिले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांना ते सुटले.

यावरून परिचित उदाहरण घेतले की काम झाले, असे समजू नये. जोनाथन इव्हान्स आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या प्रयोगांत, तर्काने चुकीचा पण पटण्याजोगा निष्कर्ष सुमारे ७० टक्के वेळा स्वीकारला गेला. चुकीचा आणि न पटणारा निष्कर्ष जेमतेम १० टक्के वेळा. म्हणजे ओळखीचा विषय नियम समजायला मदत करतो आणि निष्कर्ष तपासताना डोळ्यांवर पट्टीही बांधतो. म्हणून मला दुहेरी सवय महत्त्वाची वाटते: नियम अमूर्त असेल तर तो परवाना किंवा तिकिटाच्या नियमासारखा मांडून पाहावा, विषय जिव्हाळ्याचा असेल, तर शब्द काढून त्यांच्या जागी अक्षरे ठेवावीत. परीक्षेतला उतारा इंग्रजी असला तरी हा सांगाडा मनात मराठीत उभा करायला हरकत नाही.

गृहीतक, म्हणजे युक्तिवादाने न सांगता धरून चाललेली गोष्ट, विचारणाऱ्या प्रश्नांत पर्याय नाकारून, म्हणजे तो खोटा मानून, पाहणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. वरच्या युक्तिवादाचे गृहीतक समजा असे दिले: ‘शेततळी नसलेल्या गावांना टँकर लागतोच.’ ते नाकारले, तर वाक्य होते: ‘शेततळी नसलेल्या काही गावांनाही टँकर लागत नाही.’ आता निष्कर्ष उभा राहत नाही. अर्थात, युक्तिवाद याच गृहीतकावर टेकलेला होता. जो पर्याय नाकारूनही निष्कर्षाला धक्का लागत नाही, तो कितीही शहाणा वाटला तरी सोडून द्यावा.

सरावात घड्याळ नंतर आणावे. सुरुवातीला दिवसाला पाच-सहा प्रश्नच घ्यावेत, पण उत्तरसूची उघडण्यापूर्वी प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा, हे एका वाक्यात वहीत लिहावे. महिन्याभराने ती वही चाळली की बहुतेकांना आपली एखाद-दुसरी ठरलेली चूकच पुन्हा पुन्हा लिहिलेली आढळते: कुणी ‘काही’ला ‘सर्व’ वाचतो, तर कुणी ४ चे कार्ड उलटत राहतो.