रात्री दोनच्या वासाची नोंद कशी ठेवावी?

हिवाळ्यात नवी मुंबईतल्या कोपरखैरणे, घणसोली किंवा वाशीत रात्री दोनला कुजक्या अंड्यासारख्या वासाने झोपमोड होते आणि मोबाइलवरचा हवा गुणवत्ता निर्देशांक मात्र 'मध्यम' दाखवतो. यात लबाडी असेलच असं नाही. निर्देशांक आठच प्रदूषकांवरून काढला जातो: पीएम 10 आणि पीएम 2.5 (हवेतले बारीक कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. कुजक्या अंड्याचा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड त्यात नाहीच. शिवाय यातल्या बहुतेकांची 24 तासांची सरासरी धरतात, त्यामुळे अर्ध्या तासाचा झोत त्यात विरून जातो. गच्चीवर लावलेले स्वस्त सेन्सरही इथे कुचकामी, कारण ते कण मोजतात, वायू नाही.

नाकाला मात्र हा वायू अब्जात काही भाग असला तरी कळतो. अडचण एवढीच की नाक लवकर सरावतं. काही मिनिटांत वास 'गेला' असं वाटतं, तेव्हा तो गेलेला नसतो. म्हणून पहिल्या दोन मिनिटांतच वहीत लिहावं: वेळ, तीव्रता (0 ते 5) आणि वास कसला. गॅस सिलिंडरसारखा असेल तर मरकॅप्टन (गंधकयुक्त रसायन), नेलपॉलिशसारखा असेल तर सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव), माशांसारखा असेल तर अमाइन (नायट्रोजनयुक्त रसायन). हा अंदाजच, म्हणून वहीत रसायनाचं नाव न लिहिता 'नेलपॉलिशसारखा' असंच लिहावं. शेजाऱ्याला विचारण्याआधी आपली नोंद पुरी करावी, नाहीतर सगळ्यांना एकच वास 'येऊ' लागतो.

मग वारा. गच्चीवर उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहायचं आणि वारा कुठून आला ते लिहायचं. दोन इमारतींच्या फटीत केलेली नोंद फसवी असते, तिथे वारा हवा तसा वळतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा कारखान्यांचा पट्टा पारसिकच्या डोंगराकडे, म्हणजे पूर्वेला, आणि बहुतेक वस्ती पश्चिमेला खाडीकडे. रात्री जमीन लवकर थंड होते, वारा जमिनीकडून खाडीकडे मंद वाहतो. वर उबदार आणि खाली थंड हवा असा थर बसला की जमिनीलगत सुटलेला वायू वर जात नाही. दिवसा तोच वायू वर पसरतो, म्हणून कोणाला कळत नाही.

पण प्रत्येक वास कारखान्याचाच नसतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या चिखलातून आणि पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावांतूनही हायड्रोजन सल्फाइडच सुटतो. म्हणून तिथी लिहावी. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. वारा पश्चिमेचा आणि वेळ ओहोटीची, तर संशय आधी चिखलावर घ्यावा. एसीच्या तांब्याच्या नळ्या काळ्या पडण्यामागेही हा वायू असू शकतो, पण त्यावरून उगम कळत नाही.

एका सोसायटीच्या नोंदीवरून फक्त दिशा मिळते. किलोमीटरभर अंतरावरच्या तीन सोसायट्यांनी एकाच रात्री नोंद केली, तर नकाशावर प्रत्येक ठिकाणाहून वाऱ्याच्या उलट दिशेला रेघ ओढता येते. रेघा जिथे छेदतात त्या परिसरात शोधावं. बिंदू नेमका मिळत नाही, मंद वारा भरकटतो. वेळही मागे न्यावी लागते: सेकंदाला 1 मीटर वाऱ्याने 2 किलोमीटर यायला 33 मिनिटं लागतात, म्हणजे अडीचला आलेला वास दोनच्या सुमारास सुटलेला.

पिशवीत हवा भरून नेण्याचा खटाटोप मात्र करू नये. 1981 च्या वायू प्रदूषण कायद्याच्या कलम 26 नुसार धुराड्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरलेल्या पद्धतीने घेतला, तरच त्याचा अहवाल पुरावा ठरतो. वहीचा उपयोग मंडळाच्या पथकाला कधी बोलवायचं हे ठरवायला. सकाळी अकराला आलेल्या पथकाला काहीच सापडत नाही. तीन आठवड्यांच्या नोंदीत 'मंगळवार आणि शुक्रवार, रात्री 1 ते 3, वारा पूर्वेचा, तीव्रता 4' असं दिसलं, तर तक्रारीत पहिल्याच ओळीत तेच लिहून त्याच वेळी पाहणी मागावी आणि पोच घ्यावी.